मुहूर्ताची अंगठी

कारखान्यात अंगठ्या वाटल्या त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. फुकट होत्या ना. आमच्याकडं फुकट म्हटलं की माणूस आधी हात पुढं करतो आणि मग विचारतो, काय वाटताय म्हणून. मीही केलाच की हात पुढं, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

मी पद्मजा मगदूम. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा ओतकामाचा कारखाना आहे, गाड्यांचे आणि पंपांचे भाग ओततो. लोखंडाचा रस उचलणं, ओतणं हे सगळं आता रोबो करतात, पण कधी ओतायचं हे मी सांगायची. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घातलं की लोखंड चिवट होतं, पण ते मॅग्नेशियम उडायलाही तेवढ्यातच लागतं. वेळेत रस साच्यात गेला नाही तर निघालेला माल सरळ भंगारात. त्या वेळेवर माझा हात होता. म्हणून सत्ताविसाव्या वर्षी मी भट्टीप्रमुख झाले, त्या कारखान्यातली पहिली बाई. त्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

अंगठी दिली ती उष्माघातासाठी. नाडी, अंगाचं तापमान, घामातले क्षार असं सगळं ती मोजायची. भट्टीजवळ कुणी कोसळायच्या आत रुग्णवाहिकेला निरोप जावा, एवढंच तिचं काम, असं एचआरचे भोजे सर म्हणाले. मग म्हणाले, "आणि एक जादाची सोय आहे. मुहूर्त."

मुहूर्त म्हणजे काय ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. लाखो माणसांचे पगार, लग्नाची वर्षं आणि मुलांच्या जन्मतारखा यंत्राला शिकवल्या होत्या. त्यातून दोन रेषा निघाल्या. बाईच्या पगाराची रेषा मूल झालं की खाली येते आणि पुन्हा पहिल्या जागी जात नाही. मूल जितकं लवकर, तितकी ती खोल जाते. पुरुषाची रेषा मूल झालं की वर जाते, आणि जितकं लवकर तितकी जास्त वर. बाप झालेला माणूस स्थिर, नोकरी न सोडणारा, जबाबदार. आई झालेली बाई रजा मागणारी. यंत्राचं असं मत नव्हतं हो, यंत्राला कुठलं मत. लोकांनी आजवर जे पगार दिले त्यावरून ते शिकलं होतं. आता ते प्रत्येकाचं शिक्षण, काम, घर आणि अंगठीतली नोंद बघून सांगणार होतं, तुम्हाला मूल कोणत्या वर्षी झालं तर कमाईला सगळ्यात कमी धक्का लागेल.

शास्त्रज्ञांनी या गणिताला लांबलचक नाव दिलं होतं. कंपनीतल्या कुणा हुशार माणसानं ते बदलून मुहूर्त केलं, आणि तिथंच आम्ही फसलो. अंदाज म्हटलं असतं तर आम्ही वाद घातला असता. गाडी घ्यायला, दुकान उघडायला, विहिरीवर पंप बसवायला मुहूर्त बघणारी माणसं आम्ही. मुहूर्ताशी कोण वाद घालतं?

माझा नवरा सन्मती त्याच कारखान्यात साच्यांची आखणी करतो. त्याचा मुहूर्त आला पुढच्याच वर्षाचा. माझा आला सदतिसाव्या वर्षाचा. कॅन्टीनभर हशा पिकला. "मग मधली वर्षं काय सन्मतीच बाळंतीण होणार?" कुणीतरी मागून म्हणालं. आम्हीही हसलो.

कॅन्टीनमधल्या शोभाताईंचं कार्ड मात्र वेगळं आलं. त्यावर वर्षच नव्हतं. एकच शब्द होता, केव्हाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शोभाताई लाजल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहाबरोबर राजगिऱ्याची वडी दिली. असा मोकळा मुहूर्त कुणाच्या नशिबात होता?

मला मात्र चैन पडेना. मी भोजे सरांना गाठलं. म्हटलं, केव्हाही म्हणजे काय?

"सोपं आहे, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "कोणत्याही वर्षी मूल झालं तरी त्यांच्या पगाराला फरक पडत नाही. मुळात तेवढाच आहे. थोडक्यात काय, त्यांचं काही जायचं नाही."

मला त्या वडीची चव आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. शोभाताईंना मी काही सांगितलं नाही.

वर्षभरात मुहूर्त गावभर झाला. बँका कर्जाआधी विचारू लागल्या, घरमालक भाड्यानं जागा देताना विचारू लागले, मुली बघायला येणारे चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारू लागले. आमच्या तपासणी विभागातली एक मुलगी मुहूर्ताआधी आई झाली. यंत्रानं तिची रेषा खाली जाणार असं सांगितलं होतं. ते बघून साहेबांनी तिला मोठी कामं देणं बंद केलं. कामं नाहीत म्हणून तिची श्रेणी घसरली, आणि मग सगळे म्हणाले, बघा, यंत्राचं खरं झालं. तिचा घसरलेला पगार पुन्हा यंत्राला शिकायला गेला. लोखंडाची वेळ लोखंडातच असते, ती कुणी बसवलेली नसते. आमची वेळ मात्र आम्हीच बसवत होतो आणि वर तिलाच हात जोडत होतो.

आणि मग माझी पाळी चुकली.

ठरवलेलं काही नव्हतं. पण त्या सकाळी न्हाणीघरात चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा बघितल्या आणि मला ते मूल हवं झालं. का, ते मला विचारू नका, मला सांगता येणार नाही. भट्टी पण हवी होती आणि हे पण हवं होतं. दोन्हींतलं एक सोडायला माझा जीव होईना.

सन्मतीला आनंद लपवता येईना. "अगं, माझा तर मुहूर्तच आहे."

"तुझा आहे," मी म्हटलं. "माझी भट्टी जाईल."

"कळेल कसं त्यांना? आपण सांगायचंच नाही."

या शहाण्याला काय सांगायचं. बाईचं बीज सुटलं की तिचं अंग किंचित तापतं, पाळी आली की उतरतं. दिवस राहिले तर ते उतरतच नाही. एवढासा फरक, पण सलग तीन आठवडे टिकला की अंगठीला पुरे, आणि माझे अजून दोन-तीन दिवस बाकी होते. पोट दिसायच्या कितीतरी आधी एचआरला कळणार. कामाच्या धावपळीत ही मोजणी चालत नाही, म्हणून अंगठी ती घरी करायची, माणूस निजल्यावर.

हे सगळं आक्का ऐकत होत्या. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. साठीच्या आसपासच्या, बोलायला रोखठोक आणि धर्माच्या बाबतीत आमच्या गल्लीत त्यांच्यापुढं कुणी जायचं नाही. त्यांनी हात पुढं केला.

"आण इकडं ती अंगठी. घरात आलीस की मी घालतो. कामावर जाताना ने."

"आक्का, असं चालतं होय?"

"तिला काय माझं बोट वळखायला येतंय?"

खरंच येत नव्हतं. आम्ही तिघं हसलो. चार महिने इतके बिनघोर गेले की मला वाटलं, यंत्राला फसवणं म्हणजे काहीच नाही. ढगळ कोट घालून मी भट्टीवर जायचे, काचेच्या थंड खोलीत बसून रोबोंना वेळ सांगायचे आणि पोटातल्या जिवाशी मनात बोलायचे.

मग एक दिवस भोजे सरांनी बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही कळवळा होता की मला वाटलं, संपलं सगळं.

"मॅडम, काही गोष्टी आपल्या हातात नसतात," ते म्हणाले. "पण कंपनी गुणांची कदर करते. तुम्हाला तिन्ही भट्ट्यांचं प्रमुखपद देतोय. श्रेणी दोन पायऱ्या वर."

त्यांनी माझा नवा आलेख पडद्यावर लावला. सरळ वर गेलेली रेषा, कुठंही खाच नाही. खाली लिहिलं होतं, मातृत्वाची शक्यता शून्य.

आक्कांचं अंग. कित्येक वर्षांपूर्वी पाळी गेलेली, तापमानाची चढउतार थांबलेली. अंगठीनं ते माझ्या नावावर वाचलं होतं. एकोणतिसाव्या वर्षी माझा मोसम संपला असं यंत्राला वाटलं आणि त्यानं मला बक्षीस दिलं. मी आभार मानले. दुसरं काय करणार? बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पोटावर हात ठेवून मला रडू आलं.

घरी सन्मतीचाही निरोप आला होता. त्याचा मुहूर्त कार्डावरून पुसला गेला होता. बायको आई होऊ शकत नाही, तर हा बाप कसा होणार? त्याची बढती थांबवली होती. खाली एक ओळ होती, तुमचा योग अजून टळलेला नाही, पर्यायी जोडीदाराबद्दल सल्ला विनामूल्य मिळेल.

त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसला. मीही हसले. जेवताना तो परत एकदा ते वाचत होता, तेव्हा हसत नव्हता.

"टाक की ते बाजूला," मी म्हटलं.

"तुझं बरं आहे. तू वर गेलीस."

"खोटं बोलून गेले. पोटात पोर घेऊन गेले. तुला ठाऊक आहे ना?"

"मला ठाऊक आहे. पण माझ्या जागेवर परवा आलेला पोरगा बसला. त्याच्या बायकोला तिसरा महिना आहे. आणि मी, खरा बाप होणारा, हातावर हात ठेवून बसलोय." त्यानं ताट सरकवलं. "सांगून टाकू या, पद्मा. माझं तरी वाढेल."

"आणि माझं?"

तो हात धुवायला उठला. सन्मती वाईट माणूस नाही. मला ताप आला तर रजा काढून उशाशी बसणारा माणूस आहे तो. त्या दिवशी मात्र मला त्याची भीती वाटली, आणि नवऱ्याची भीती वाटण्यासारखं घाण काही नाही.

आम्हाला सांगायची वेळच आली नाही. भाद्रपद आला. आमच्या जैनांचं दशलक्षण पर्व. दहा दिवस आक्कांचं एकवेळचं जेवण, आणि शेवटी अनंत चतुर्दशीला कडक उपवास, पाण्याचा थेंबही नाही. आक्का हे लग्न होऊन आल्यापासून करत आल्या होत्या. त्यांच्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं. म्हणूनच अंगठीचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. गणपती विसर्जनाची सुट्टी, मी घरी, अंगठी आक्कांच्या बोटात.

दुपारी आम्ही गल्लीतल्या बस्तीत होतो. बस्ती म्हणजे आमचं देऊळ. अभिषेक चालला होता, बायकापुरुष दाटीवाटीनं बसले होते, बाहेर विसर्जनाचे ढोल आणि आत भाद्रपदातला उकाडा. आक्का भिंतीला टेकून जप करत होत्या. ओठ सुकलेले, पण चेहरा प्रसन्न. मी शेजारी. पाचवा महिना, अंगभर पदर.

दारात गडबड झाली. पायातले बूट न काढता रुग्णवाहिकेची दोन माणसं आत येऊ लागली आणि लोक त्यांच्या अंगावर ओरडले. त्यांच्या हातात गुंडाळलेलं स्ट्रेचर होतं, छातीवर कारखान्याचं चिन्ह.

"पद्मजा मगदूम कोण?" एकानं विचारलं. "वय एकोणतीस. उष्माघात. नाडी फार वर गेली आहे, अंगात पाणी नाही. लवकर सांगा."

अंगठीनं आयुष्यात पहिल्यांदा तिचं खरं काम केलं होतं.

मी उठले. म्हटलं, "मी. मला काही झालेलं नाही."

त्यानं हातातल्या यंत्राकडं पाहिलं, माझ्या रिकाम्या बोटांकडं पाहिलं. मग तो यंत्र धरून बायकांमधून सरकत गेला आणि आक्कांसमोर थांबला. आक्कांनी डोळे उघडले. खोटं बोलल्या असत्या तर निभावलं असतं कदाचित. सापडली म्हणाल्या असत्या, सून विसरली म्हणाल्या असत्या. पण आक्कांनी आजवर पर्वाच्या दिवसांत लहान पोराला भुलवायलासुद्धा खोटं सांगितलेलं नाही. आणि आज तर चतुर्दशी, त्यात समोर मूर्ती.

"अंगठी सुनेची हाय," आक्का म्हणाल्या. "ती दोन जिवांची हाय म्हणून मी घालतोय."

अख्खी बस्ती माझ्याकडं वळली. कुणीतरी आनंदानं हुंकार दिला, कुणी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बातमी चांगलीच होती ना. फक्त तो माणूस खाली मान घालून यंत्रात काहीतरी नोंदवत होता. आक्कांना मागाहून कळलं काय झालं ते. त्या रात्रभर तळमळल्या, पण आपण चुकलो असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मलाही त्यांना तसं म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी भोजे सरांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"नोकरी कुठंही जात नाही, मॅडम. कायदा आहे. फक्त नोंद दुरुस्त झाली, म्हणून श्रेणीही दुरुस्त होईल."

"म्हणजे भट्टी?"

"भट्टीला वेळ सांभाळणारं माणूस लागतं. तुम्हाला गोदामात बसवतोय, आरामाचं काम आहे, पगार कॅन्टीनवाल्यांच्या श्रेणीचा. शिवाय खोट्या नोंदीचा डाग आलेखात राहतो. मी काढू शकत नाही." ते जरा पुढं झुकले. "पण घरात चांगलंही होतंय की. सन्मती सरांचा मुहूर्त परत आला. ते आजपासून विभागप्रमुख. एकाचं गेलं, दुसऱ्याचं आलं."

"आणि बाळाचं?" मी सहज विचारलं. खरं तर चिडून विचारलं.

"जन्मल्यावर काढतात त्याचाही. मुलगा झाला तर बापाचा आलेख धरतात, मुलगी झाली तर आईचा." ते हसले, अगदी मनापासून. "मुलगा होऊ दे म्हणजे झालं."

संध्याकाळी सन्मती पेढे घेऊन आला. मी घेतला नाही तेव्हा तो म्हणाला, "मी नको म्हटलं असतं तरी तुझं काही परत मिळणार होतं का?" नव्हतंच मिळणार. पण त्यानं एकदा नको म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पेढे फ्रिजमध्येच राहिले आणि शेवटी टाकून दिले.

माघात मला मुलगी झाली.

गोरीपान, मुठी आवळलेली, रडली की भोंगा वाजल्यासारखी. तिला बघितलं आणि गोदाम, श्रेणी, सगळं काही दिवस डोक्यातून गेलं. दवाखान्यातून निघताना तिच्या पायात वाळा घातला. हल्ली सगळ्याच बाळांना घालतात. चांदीसारखा दिसतो, वजनाला काहीच नाही, आणि काढायला दवाखान्याची किल्ली लागते.

बारशाला घर भरलं. पाळण्याला फुलं लावली होती, परातीत घुगऱ्या होत्या. शोभाताईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. गोदामात गेल्यापासून आम्ही रोज दुपारी एकत्र डबा खायचो. त्यांच्याशी मी केव्हाहीबद्दल शेवटी बोलले होते. त्या म्हणाल्या होत्या, "मला कळलं होतं ओ ताई. वडी वाटून झाल्यावर कळलं." एवढंच.

माझ्या नणंदेनं, सुप्रभा वन्संनी, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. धारिणी. बायकांनी वन्संच्या पाठीत बुक्के घातले, हसणं झालं. मग वन्सं म्हणाल्या, "थांबा, अजून एक राहिलंय." हल्ली बारशात हेही असतं. त्यांनी मोबाइल वाळ्याजवळ धरला. सन्मती पुढं सरकला. आक्का पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या.

वन्संनी पडद्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अय्या, हिला वर्षच नाही आलं. केव्हाही."

टाळ्या वाजल्या. कुणी म्हणालं, नशीब काढलं पोरीनं, कसलं बंधन नाही. सन्मतीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. शोभाताई दारात घुगऱ्यांची परात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचे हात भरलेले होते.

मी वाकून वाळा ओढून बघितला. तो निघत नव्हता, आणि ओढल्यामुळं पोर रडायला लागली.

आक्कांनी तिला थोपटलं. "का ओढालीस गं?" त्या म्हणाल्या. "आणि केव्हाही म्हणजे काय?"

सगळ्या बायका हसऱ्या तोंडानं माझ्याकडं बघत होत्या.

"म्हणजे तिचं काही जायचं नाही, आक्का," मी म्हटलं.

"मग बरंच हाय की," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पाळण्याला झोका दिला.